गाडीच्या बाहेरच्या गायब पट्ट्या, झाकणं, क्लिपा घरच्या घरी बसवता येतात का?

नवखा_चालक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

पहिलीच गाडी घेतली आहे, वापरलेली, दहा वर्षं जुनी. घेताना इंजिनाचा आवाज ऐकला, क्लच पाहिला, टायर पाहिले, कागद पाहिले. बाहेरून एक फेरी मारली आणि "छान आहे" म्हणालो. घरी आणून स्वतःच्या हाताने धुतली तेव्हा एकेक उघडकीला आलं. उजव्या मागच्या दारावरची काळी बीडिंग (दाराला बाहेरून लावलेली आडवी पट्टी) नाहीच, तिच्या जागी करड्या फोमचा मळकट, चिकट पट्टा. पुढच्या डाव्या चाकाच्या कमानीवर काळी क्लॅडिंग (प्लास्टिकचं आवरण) आहे, पण तिचा बंपरवरचा तुकडा गायब, नुसती तीन भोकं. पुढच्या बंपरमधलं टो हुकचं (गाडी ओढायला लावतात तो हुक) चौकोनी झाकण नाही. आणि वायपरखालची लांब काळी जाळी एका टोकाला उचकली आहे. दाबली की बसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर.

हत्यारं म्हणाल तर एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि उत्साह. हे घरी जमेल का? दाराची पट्टी सगळ्यात जास्त डोळ्यांत खुपते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी असं मनात आहे, की दुसरीकडून करू? कोणता गोंद आणू?

आडवा_तिडवा
तिन्ही हत्यारं जागेवर ठेवा आणि गाडी गॅरेजला द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

खटपट्या
आडवे, अर्ध्या तासाचं आहे म्हणूनच तर घरी करायचं!

नवखे, गोंदाचा प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा की तो भाग मुळात कशाने धरलेला होता? बाहेरचे हे सगळे भाग तीनच प्रकारे बसतात: टेपने, क्लिपांनी किंवा स्क्रूने. कधीकधी दोन-दोन प्रकार एकाच भागात. फोमचा पट्टा दिसतोय म्हणजे दाराची बीडिंग टेपवर होती. तीन भोकं म्हणजे क्लॅडिंग क्लिपांवर. झाकण स्वतःच्याच प्लास्टिकच्या जिभांवर अडकतं. यातल्या एकालाही बाटलीतला गोंद लागत नाही.

आणि पाठ्यपुस्तक शोधायला कुठे जाऊ नका. उजवं दार उघडं पडलंय ना? मग डाव्या दारापाशी जाऊन बसा. पट्टी खालच्या कडेपासून किती वर आहे, पुढे-मागे किती अंतर सोडलंय, टोकं कशी वळवली आहेत, सगळं तिथे लिहिलेलं आहे. फोटो काढा, मोजमाप घ्या. चाकाच्या कमानीचंही तसंच, उजवीकडची शाबूत आहे असं धरतो.

शंकासूर
आणि दोन्ही बाजूंचं गायब असेल तर?

खटपट्या
तर विकणाऱ्याच्या गाडीपाशी जाऊन बसा :)

इंजिनबाई
खटपट्यांना अनुमोदन. भाग मागवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नवशिक्याची पहिली चूक हत्यार हातात घेण्याआधीच होते.

गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून भाग मागवू नका. एकाच वर्षात मधेच बंपर बदललेला असतो, वरच्या श्रेणीच्या गाडीला रुंद क्लॅडिंग असते, खालच्या श्रेणीला ती नसतेच. चासी नंबर द्या. १७ अक्षरं-आकडे असतात. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तुम्ही लिहून घेतलेल्या नंबरात ओ आला असेल तर तो शून्य आहे. या नंबरावरून सुट्या भागांच्या यादीत नेमकी तुमची गाडी निघते.

दुसरं म्हणजे जे भाग शाबूत आहेत त्यांच्या मागच्या बाजूला भाग क्रमांक साच्यातच उठवलेला असतो. तिथेच टोकदार कंसांत प्लास्टिकचा प्रकारही असतो: पीपी, एबीएस, पीपी अधिक ईपीडीएम, वगैरे. ही अक्षरं टिपून ठेवा, पुढे टेप लावताना किंवा रंग देताना उपयोगी पडतात.

तिसरं. डावं आणि उजवं. भागांच्या दुनियेत डावं-उजवं ठरतं ते चालकाच्या जागी पुढे तोंड करून बसल्यावर. गाडीच्या समोर उभं राहून नाही. बंपरकडे बघत उभं राहिलात की तुमचा डावा हात गाडीच्या उजवीकडे असतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही सगळे चुकतात.

चौथं, क्लिपा बहुतेक वेळा भागासोबत येत नाहीत. वेगळ्या मागवाव्या लागतात. मागवताना दोन-चार जास्तच मागवा.

जुनं_खोड
आमच्या वेळी दारावर धातूची चकचकीत पट्टी असायची, तीही स्क्रूने आवळलेली. निघायची नाही. निघालीच तर दार घेऊन निघायची. आता जिकडेतिकडे प्लास्टिक आणि डबल टेप. कुरिअरच्या खोक्यासारखी गाडी चिकटवतात.

इंजिनबाई
काका, त्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत जाऊन दार आतून कुजायचं, ते विसरलात. टेपने पत्र्याला भोक पडत नाही, हा टेपचा सगळ्यात मोठा गुण आहे. आणि आताची "चकचकीत" पट्टी बहुतेकदा एबीएस प्लास्टिकच असतं, त्यावर तांबं, निकेल आणि वर क्रोमचा पातळ मुलामा.

जुनं_खोड
दार कुजायचं हे खरं. पट्टी मात्र चकाकत राहायची.

पाना१०
क्लिपांवर माझं थोडं (बरंच) नुकसान झालंय, त्यातून शिकलेलं सांगतो. आमच्याकडे मेकॅनिक याला लॉक म्हणतात, "लॉक तुटलं" असं.

एक, क्लिपेचं नाव-गाव शोधू नका, माप घ्या. तीन मापं लागतात: पत्र्यातल्या भोकाचा व्यास, क्लिपेच्या टोपीचा व्यास, दांड्याची लांबी. भोक ८ मिमी असेल आणि तुम्ही ७ ची क्लिप घातली तर ती बसेल, दोन दिवस राहीलही, आणि मग वाटेत कुठेतरी तुकडा सोडून याल. भोक चौकोनी आहे की गोल तेही बघा. चौकोनी भोकात बऱ्याचदा आधी एक प्लास्टिकची खोबण बसते आणि तिच्यात स्क्रू किंवा क्लिप जाते. ती खोबणच तुटली असेल तर वरची क्लिप कितीही भारी आणा, धरणार नाही.

दोन, जुनी क्लिप हाताने ओढू नका. स्क्रू ड्रायव्हरने तर अजिबात नाही, रंगावर चरा उमटतो आणि टोपी तुटून दांडा आत राहतो. प्लास्टिकची उचकणी मिळते, ती घ्या. कडेला रंगावर मास्किंग टेप लावा. थंड असताना नायलॉन ठिसूळ होतं, म्हणून उन्हात उभी केलेली गाडी किंवा दोन मिनिटं केसांचा ड्रायर.

तीन, मधे खिळी असलेल्या क्लिपा. काहींची मधली खिळी वर उचलायची असते, काहींची पाव वळण फिरवायची, काहींची चक्क आत दाबायची की क्लिप सैल होते. बसवताना मात्र खिळी आधी बाहेर ओढलेली हवी, क्लिप भोकात घालायची आणि मग खिळी टोपीच्या पातळीत येईपर्यंत दाबायची. खिळी आत ठेवूनच क्लिप ठोकायला गेलात तर पंख वाकतात. मी हातोडी वापरली होती. विचारू नका.

शंकासूर
विचारतोच. हातोडी का वापरली?

पाना१०
१० चा पाना सापडत नव्हता.

वंगण
एवढं सगळं कशाला? मी माझ्या आरशाच्या मागचं कव्हर इन्स्टंट ग्लूने चिकटवलं, दोन थेंब, एक मिनिट, विषय संपला.

रंगारी
वंगणराव, विषय संपला नाही, अजून सुरू व्हायचाय. इन्स्टंट ग्लू वाळताना वाफ सोडतो, ती आजूबाजूच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरट धुकं म्हणून बसते. शिवाय जोड काचेसारखा कडक होतो. गाडीचा पत्रा उन्हात ताणतो, रात्री आकसतो, दार दिवसातून वीस वेळा आपटतं, आणि कडक जोड असा धक्का सोसत नाही. त्यात बंपर आणि क्लॅडिंग बऱ्याचदा पीपी जातीचं, ज्याला मुळात काही चिकटायलाच मागत नाही. आणि पुढच्या वेळी आरसा उघडायची वेळ आली की कव्हर फोडूनच काढावं लागेल.

वंगण
तीन महिने झाले, अजून आहे.

आडवा_तिडवा
सिलिकॉन का नको? बाथरूमला लावतात ते. लवचिक असतं, पाणी धरत नाही.

रंगारी
बाथरूमच्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना? तो अ‍ॅसिटिक आम्लाचा. वाळताना ते सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. आंबट वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, पण रंगकाम करणारा म्हणून हात जोडून सांगतो, पत्र्यावर सिलिकॉन लावूच नका. नंतर कधी त्या जागी रंग मारायची वेळ आली की माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि आम्हाला सगळं घासून पुन्हा करावं लागतं. जिथे खरोखर भरावं लागतंच तिथे पॉलियुरेथेन सीलंट.

आता बीडिंगचं. पट्टी लावणं पाच मिनिटांचं, तयारी दोन तासांची. जुना फोम ड्रायरने कोमट करा, आणि मासे पकडायची नायलॉनची दोरी किंवा दातांचा धागा करवतीसारखा मागे-पुढे ओढत जाड थर कापून काढा. उरलेलं अंगठ्याने गोळ्या करत चोळा. हो, अंगठा दुखतो. त्यानंतर जे डाग राहतील त्यांना डांबर काढायचं द्रावण. थिनर नको! कारखान्यातला मूळ रंग एकवेळ टिकेल, पण तुमची गाडी वापरलेली आहे, त्या दाराला मधे कधी रंग मारला असेल तर थिनरने तो रंगच हातात येईल. कुठलंही द्रावण आधी दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर थेंबभर लावून बघा.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं, स्वच्छ फडक्याने पुसा आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. नाहीतर तेलकटपणा फक्त पसरतो. यानंतर त्या जागी बोटसुद्धा लावायचं नाही.

टेप म्हणजे जाड अ‍ॅक्रिलिक फोमची, गाडीसाठी असते ती. स्टेशनरीवाली पांढरी नव्हे. लावताना पत्रा कोमट हवा, साधारण २१ ते ३८ अंश. १० अंशांच्या खाली या टेपा नीट धरत नाहीत. लावल्यावर पूर्ण लांबीभर जोरात दाबायचं, कारण हा गोंद दाबाने पकडतो. २० मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत नव्वद टक्के, पूर्ण पकड यायला ७२ तास. म्हणजे तीन दिवस गाडी धुवायची नाही, प्रेशर पंप तर नाहीच.

मौनी
वाचनखूण साठवली. रंगारींचा प्रतिसाद वेगळा लेख व्हावा.

खटपट्या
रंगारी, एक भर. पट्टीच्या मागचा कागद सगळा एकदम काढू नका. दोन्ही टोकांचा बोटभर सोलून तिरका बाहेर काढायचा, पट्टी जागेवर धरून रेष जुळवायची, टोकं हलकी टेकवायची, आणि मग बाहेर आलेल्या शेपट्या ओढत उरलेला कागद काढायचा. आधी मास्किंग टेपची सरळ रेघ मारून घ्यायची हे सांगायला नको.

आडवा_तिडवा
साबणाचं पाणी फवारून लावली की सरकवता येते ना? मी व्हिडिओत पाहिलंय.

रंगारी
तो व्हिडिओ विनाइल फिल्मचा असणार. फिल्मखालचं पाणी पिळून काढता येतं, फोमखालचं नाही. तिथे साबण अडकला की पकड गेली.

सावली
मधेच घुसते. माझ्या गाडीचा पुढचा लोगो फिका पडलाय, तोही असाच टेपवर असतो का? बाजारात छान काळे लोगो मिळतात, तसा लावायचा विचार आहे.

इंजिनबाई
सावली, गाडीत समोरच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आहे का? असेल तर थांब. बऱ्याच गाड्यांत त्याचा रडार नेमका लोगोच्या मागे असतो आणि तो लोगो रडारच्या लहरी जाऊ देईल अशा बेतानेच बनवलेला असतो. त्यावर बाजारातला मुलाम्याचा लोगो लावला किंवा फवारा मारला तर रडार आंधळा होऊ शकतो. नसेल तर मात्र खुशाल बदल. तशीच गोष्ट मागच्या बंपरच्या कोपऱ्यांची, आत बाजूच्या गाड्या ओळखणारा सेन्सर असेल तर तिथे जाड रंग आणि स्टिकर टाळावेत.

सावली
बापरे. क्रूझ आहे. मग फिका लोगोच बरा. धन्यवाद ताई!

नवखा_चालक
मंडळी, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळं दोनदा वाचलं. दाराची पट्टी, क्लॅडिंगचा तुकडा आणि टो हुकचं झाकण मागवलं. आज आले.

आणि हात दाखवून अवलक्षण. क्लॅडिंगचा तुकडा उजव्या बाजूचा निघाला. मी चासी नंबर दिला, सगळं दिलं, फोटोही पाठवला. फोटो समोरून काढला होता आणि त्यावर बाण करून "उजवीकडचा" असं लिहिलं होतं.

शंकासूर
इंजिनबाईंचा तिसरा मुद्दा फ्रेम करून भिंतीवर लावावा.

इंजिनबाई
हसले, पण माझंही झालंय, म्हणून तर इतक्या ठामपणे लिहिलं. भाग परत घेतील, वापरलेला नाही ना? पुढच्या वेळेसाठी एक खूण सांगते. अनेक जर्मन बनावटीच्या गाड्यांमध्ये भाग क्रमांकाचा शेवटचा आकडा विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा. सगळ्याच कंपन्या हा नियम पाळत नाहीत, पण जोडीतले दोन भाग लागोपाठच्या क्रमांकांचे असणं पुष्कळ ठिकाणी दिसतं. शिवाय बऱ्याचदा भागावरच एलएच (डावा) किंवा आरएच (उजवा) असं कोरलेलं असतं.

पाना१०
तुकडा परत पाठवायच्या आधी त्याची मागची बाजू बघून घ्या. आरशातली प्रतिमा असली तरी क्लिपा किती आणि कुठे, ते कळेल.

आडवा_तिडवा
गॅरेजवाल्याने डावा-उजवा गोंधळ केला नसता. एवढंच बोलून गप्प बसतो.

जुनं_खोड
गॅरेजवाल्याने उजवा तुकडा डावीकडे ठोकून बसवला असता.

वंगण
एक विचारू? ओरिजिनलच कशाला? डुप्लिकेट पट्टी दिसायला तशीच असते.

रंगारी
दाराच्या साध्या काळ्या बीडिंगला डुप्लिकेट चालते, माझ्या मते. सरळ पट्टी आहे, त्यात बिघडायचं काय? टेप मात्र तिची फेकून द्यायची आणि चांगली लावायची. पण कमानीची क्लॅडिंग तीन बाजूंनी वळलेली असते, तिथे दोन मिमी कमी-जास्त झालं की एक क्लिप बसते तेव्हा दुसरी उठते. तिथे ओरिजिनल, नाहीतर तुटक्या गाडीतून काढलेला जुना ओरिजिनल. उन्हाने करडा पडलेला असला तरी चालेल, शेजारचंही करडंच पडलंय. कोरा करकरीत काळा तुकडा उलट ठिगळासारखा दिसतो.

खटपट्या
इथे थोडा असहमत. जुन्या काढलेल्या भागाच्या जिभा अर्ध्या तुटलेल्या असतात. काढणारा माणूस घाईत असतो, त्याला त्या गाडीचं काय पडलंय? घ्यायचाच तर मागची बाजू उलटवून प्रत्येक जीभ मोजून घ्या.

बाय द वे, इतके प्रतिसाद झाले आणि नवख्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, मीसुद्धा. सुरुवात कुठून करू असं विचारलं होतं त्यांनी.

इंजिनबाई
खरंच की! दारापासून नको. वायपरखालच्या जाळीपासून. बाकी तीन गोष्टी दिसण्याच्या आहेत, ही नाही. जाळीखाली पाणी वाहून जायची पन्हळ असते आणि बऱ्याच गाड्यांत केबिनमध्ये ताजी हवा तिथूनच जाते. जाळी उचकली की पालापाचोळा आत, पाचोळ्याने निचऱ्याची भोकं तुंबतात, आणि पाणी साचत साचत आतल्या गालिच्यापर्यंत पोचतं. मग लोक दाराचं रबर बदलत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पाना१०
+१. आणि दाबून बसत नाही याचा अर्थ खाली काहीतरी अडकलंय किंवा क्लिप गेली आहे. पुन्हा पुन्हा दाबू नका, काचेकडची कड वाकडी होईल.

नवखा_चालक
आज सुट्टी होती. हत्यारांत एक प्लास्टिकची उचकणी आणि ड्रायर (घरातून उसना, न सांगता) अशी भर पडली आहे. अहवाल देतो.

जाळी: टोकाची क्लिप काढली, कडा उचलली. खाली ओंजळभर कुजकी पानं, काळा चिखल. निचऱ्याचं भोक दिसतच नव्हतं. हाताने काढलं, मग मगभर पाणी ओतलं तर आधी तुंबलं आणि मग घळकन गेलं. तो आवाज ऐकून जो आनंद झाला तो गाडी घेतानाही झाला नव्हता. क्लिप नवीन घातली, खिळी आधी बाहेर ओढून. हातोडी वापरली नाही.

टो हुकचं झाकण: दोन मिनिटं. एका बाजूची जीभ आधी आत, मग दुसरी बाजू दाबली, टक्. त्याच्या मागे एक छोटी प्लास्टिकची शेपटी आहे, ती कशाला?

क्लॅडिंग: डावा तुकडा परवा आला. लावायला गेलो तर मधली क्लिप बसते, खालची बसतच नाही, तुकडा सारखा बाहेर ढकलला जातो. तासभर झगडलो. भाग पुन्हा चुकीचा आला की काय?

पाना१०
थांबा, जोर लावू नका. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवा म्हणजे डाव्या चाकाच्या पुढे जागा होईल, आणि टॉर्चने आत बघा. कमानीच्या आत काळं प्लास्टिकचं लायनर असतं. ते बंपरच्या कडेला स्क्रूने धरलेलं आहे का? गाडी जॅकवर उचलू नका एवढ्यासाठी. उचललीच तर नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, खाली स्टँड हवा.

खटपट्या
शेपटी झाकण हरवू नये म्हणून असते. आतल्या कडीला अडकवायची. पुष्कळांना ठाऊक नसतं, म्हणूनच रस्त्यात निम्म्या गाड्या बिनझाकणाच्या दिसतात. आणि अवांतर: हुक लावायची कधी वेळ आलीच तर काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायचे. "बसतच नाही" म्हणून दमून जाऊ नका.

नवखा_चालक
पाना१०, तुम्ही इथे बसून कसं ओळखलंत? लायनर लोंबत होतं. खालच्या कडेचा स्क्रूच नाही. लायनरची कड पुढे वळून बंपरच्या काठावर चढली होती आणि तीच तुकड्याला आतून ढकलत होती. वर टायरने घासून एक चकचकीत पट्टा पडलाय तो वेगळाच.

पाना१०
ओळखलं असं नाही, त्याच खड्ड्यात पडून आलोय. जुन्या मालकाचा तुकडाही याच कारणाने उडाला असणार. एकच स्क्रू बऱ्याचदा लायनर आणि क्लॅडिंग दोन्ही धरतो. तो गेला की वेगात वाऱ्याने लायनर फडफडतं आणि हळूहळू बाकीच्या क्लिपा उपटतं. तुम्ही नुसता नवा तुकडा लावून मोकळे झाला असतात तर महिनाभरात तोही गेला असता. लायनरची कड बंपरच्या आत घ्या, स्क्रू घाला. प्लास्टिकच्या जुन्या आट्यात स्क्रू घालताना आधी उलटा फिरवायचा, बारीकशी टक् जाणवली की मग सुलटा. नाहीतर नवे आटे कापले जातात आणि पुढच्या वेळी भोक सैल.

आणि ती तीन भोकं. त्यातलं पत्र्यात एखादं आहे का? असेल तर कड बघा, तांबूस दिसली तर घासून, प्रायमर लावून, वाळवून मगच क्लिप.

नवखा_चालक
दोन भोकं बंपरच्या प्लास्टिकात, एक पत्र्यात. पत्र्यातल्याची कड तांबूस होती. घासली, प्रायमर लावला, रात्रभर वाळवला. आज सकाळी स्क्रू, मग तीन क्लिपा. टक्, टक्, टक्. शेजारचे काका येऊन "कुठल्या गॅरेजला केलं?" विचारून गेले.

आडवा_तिडवा
बरं. मानलं.

वंगण
कळवायला वाईट वाटतं, पण आरशाचं कव्हर काल वॉशिंगला पडलं. पांढरं धुकंही आहे. रंगारी, जास्त बोलू नका.

रंगारी
काही बोललो का मी?

नवखा_चालक
शेवटी दाराची पट्टी. जुना फोम काढायलाच दीड तास लागला, अंगठ्याला फोड. अल्कोहोलने पुसलं, मास्किंग टेपची रेघ मारली, कागदाच्या शेपट्या काढून टोकं टेकवली, ओढला कागद, दाबली. अगदी सांगितल्याप्रमाणे. मग रेघ काढली आणि दहा पावलं मागे जाऊन पाहिलं.

मागच्या टोकाला तीन मिमी वर आहे. पुढच्या दाराच्या पट्टीशी जुळते, पण मागे जाताना चढत जाते. मोजमाप मी डाव्या दारावरून बरोबर घेतलं होतं, रेघ मारताना मागचा बिंदू दाराच्या वळलेल्या कडेवरून मोजला, खालच्या कडेवरून नाही. घरच्यांना दाखवली, कुणालाच काही दिसत नाही. मला दुसरं काहीच दिसत नाही. काय करू? लावून चाळीस मिनिटं झालीत.

जुनं_खोड
राहू द्या. तीन मिमी कोण बघतंय?

शंकासूर
आता आम्ही सगळे.

खटपट्या
काढू नका. एकदा चिकटलेली फोमची टेप ओढून काढली की फोम फाटतो, पुन्हा तीच वापरता येत नाही. नवी टेप, पुन्हा तयारी, सगळं पहिल्यापासून. आठवडाभराने तुम्हालाही दिसेनासं होईल.

इंजिनबाई
खटपट्यांशी सहमत. पण काढायचीच असेल तर आत्ताच, उद्या नको. अजून निम्मीच पकड आली आहे, तीन दिवसांनी धाग्यानेही जड जाईल. उपटू नका, ड्रायर आणि धागा.

नवखा_चालक
काढली.

रंगारी
शाब्बास. टेप ६ मिमी रुंद घ्या, पट्टीच्या मागच्या खोबणीत मावेल अशी. आणि पट्टीच्या पाठीवरचा जुना फोमही पूर्ण काढा, त्याच्यावर नवी टेप चढवू नका. पट्टीवर पीपी लिहिलं असेल तर टेपआधी तिच्यावर प्लास्टिकचा प्रायमर.

नवखा_चालक
एबीएस लिहिलंय. खोबण मोजली, ८ मिमी आहे, ६ ची टेप बसेल. ड्रायर मात्र परत द्यावा लागला.